डोरीनच्या भावाचं आडनाव

कावासाकीच्या आमच्या ऑफिसात त्यांचं आडनाव कुणालाच धड घेता यायचं नाही. जपानी सहकारी त्यांना ‘हानिगान-सान’ म्हणत. पुण्या-मुंबईहून आलेली आमची पोरं ‘हनीगन’ म्हणून आपसात हसत. डेन्झिल हॅनिगन प्रत्येकाला थांबवून, अजिबात न चिडता, ते आडनाव पुन्हा म्हणायला लावत. समोरच्याला जमलं की मान हलवत आणि चालायला लागत.

मी तिथे टेस्टिंगच्या कामाला लागले त्या आठवड्यातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत मी मायक्रोवेव्हमध्ये वांग्याचं भरीत गरम करत होते. आईचं माहेर जळगावचं, त्यामुळे भरीत आमच्या घरात कायम. मागून आवाज आला, “हिरव्या मिरचीचं आहे ना? लाल तिखट घातलं असशील तर बोलायला नको.” मी वळून पाहिलं. सहा फूट उंच, गुलाबी गोरा, पांढऱ्या भुवयांचा, करड्या स्वेटरमधला म्हातारा साहेब माझ्या डब्यात डोकावत होता. मी काहीतरी इंग्रजीत बोलायला गेले, तर म्हणाले, “मराठीत बोल वं. मी भुसावळचा आहे.”

हेच डेन्झिल हॅनिगन. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. बालपण सगळं रेल्वे कॉलनीत गेलं. चाळीस वर्षांपूर्वी इंग्रजी शिकवायला म्हणून जपानात आले आणि राहिले. इथे लग्न झालं, मोडलं. त्याबद्दल ते बोलत नसत. आमच्याकडे त्यांचं काम म्हणजे जपानीतून भाषांतर होऊन आलेल्या मॅन्युअल्सचं इंग्रजी सुधारायचं. कडा मोडलेली वाक्यं घासून गुळगुळीत करायची. एका स्वल्पविरामासाठी ते अर्धा तास घालवत. कुणी डेडलाइनची आठवण केली की म्हणत, “घाई आहे कुणाला? मेलेल्यांना तर नाहीच.”

हे मेलेले लोक म्हणजे त्यांचे पूर्वज. जेवणाचा तास ते त्यांच्यासाठी राखून ठेवत. एका हातात कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेला भाताचा त्रिकोणी गोळा, दुसऱ्या हातात माउस, आणि समोर स्क्रीनवर दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी चर्चच्या रजिस्टरचं पान. तिरक्या अक्षरातलं एक नाव मोठं करून दहा-दहा मिनिटं बघत बसायचे. हॅनिगन हे नाव त्यांनी अकरा प्रकारे लिहिलेलं शोधलं होतं. सैन्यातल्या कारकुनानं ऐकलं तसं, पाद्र्यानं ऐकलं तसं, जहाजावरच्या माणसानं ऐकलं तसं.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “हर्णेकर, कोकणातलं हर्णै पाहिलंस का?” मी पाहिलं नव्हतं. आमच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या. त्यांना ते खरंच वाटेना. म्हणाले, “तुमच्या आडनावात पत्ता लिहून ठेवलाय, आणि तू एकदा एसटीत बसून गेली नाहीस?” मग त्यांनी मला त्यांचं आडनाव समजावलं. पूर्वी त्याच्याआधी एक ‘ओ’ असायचा. आयर्लंडच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ नातू, वंशज. म्हणजे माणूस स्वतःचं नाव सांगतानाच मी अमक्याचा नातू असं सांगून टाकायचा. इंग्रजांच्या राज्यात तो ‘ओ’ गळून पडला. डेन्झिलकाकांनी त्यांच्या चहाच्या मगावर नावाच्या आधी काळ्या मार्करनं तो पुन्हा लावून घेतला होता. तो मग धुतला की ‘ओ’ पुसट व्हायचा, दर सोमवारी ते तो गिरवायचे.

त्यांची वंशावळ मला पाठ झाली होती. मायकेल हॅनिगन नावाचा आयर्लंडच्या पश्चिमेकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला, नगरच्या छावणीत सार्जंट झाला. त्याची बायको ॲन, इंग्लंडची, माहेरची वेब. वेब म्हणजे विणकर, हेही काकांनीच सांगितलं. त्यांचा मुलगा थॉमस, तो रेल्वेत लागला. थॉमसचा मुलगा काकांचे आजोबा. मायकेलच्या मागच्या पाच पिढ्या काकांनी शोधल्या होत्या, ॲनच्या मागच्या तीन.

एकदा ते आयर्लंडला मायकेलच्या गावी जाऊनही आले होते. तिथल्या एका हॅनिगन शेतकऱ्यानं त्यांना घरात बोलावलं, चहा दिला, आणि त्याची म्हातारी आई त्यांच्याकडे बघून म्हणाली की याचे कान अगदी आमच्या मरून गेलेल्या दिरासारखे आहेत. ही गोष्ट मी त्यांच्याकडून किमान सात वेळा ऐकली. सांगताना त्यांचा हात आपोआप कानाकडे जायचा.

त्यांचं जवळचं माणूस एकच. मोठी बहीण डोरीन, पुण्यात एका वृद्धाश्रमात. आयुष्यभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. दर रविवारी जपानच्या दुपारी एक वाजता ते तिला फोन करत. तिकडे तेव्हा नाश्ता संपत आलेला असे. तिला सत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती आणि तोपर्यंत काकांना घराण्याचं पुस्तक छापून तिच्या हातात द्यायचं होतं. सगळे कागद जमले होते. फक्त थॉमसच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळत नव्हती. ती एक मिळाली की साखळी पुरी. त्यांनी इंग्लंडमधल्या एका संस्थेला पुन्हा पत्र लिहिलं.

उत्तर आलं तेव्हा मी त्यांच्या समोरच बसले होते. त्यांनी मेल उघडली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग लॅपटॉप मिटला आणि अर्धा भात तसाच ठेवून जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी आणि पुढचे दोन आठवडे ते जेवणाच्या तासात मॅन्युअल्सच तपासत राहिले. सोमवारी मगावरचा ‘ओ’ गिरवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “मार्कर वाळला.”

एका शनिवारी मी त्यांच्या घरी गेले, बघावं म्हणून. नाम्बू लाइनवर दोन स्टेशनं पुढे त्यांचा छोटा फ्लॅट. दार उघडंच होतं. ते जमिनीवर बसले होते आणि भोवती चाळीस वर्षांच्या फायली. प्रत्येक कागदाची स्टेपलरची पिन ते नखानं काढत होते आणि पिना एका बशीत टाकत होते. पिना काढलेले गठ्ठे पांढऱ्या दोरीनं बांधून दाराशी रचले होते. जुने कागद उचलायचा दिवस मंगळवार होता, आणि कागदाबरोबर धातू जाता कामा नये, असा नियम. फेकायचं ते सुद्धा ते नियमानं फेकत होते.

मी समोर बसले. त्यांनी एक प्रिंट माझ्याकडे सरकवली. थॉमसच्या बाप्तिस्म्याच्या त्या नोंदीत लिहिलं होतं की मुलाचं वय अंदाजे चार. दुष्काळात बाजारातून उचलून आणलेला अनाथ. आईबाप माहीत नाहीत. सार्जंट हॅनिगन आणि त्याची बायको ॲन यांनी धर्मपालक म्हणून उभं राहून त्याला स्वतःचं नाव दिलं.

“सार्जंटला मूलबाळ नव्हतं,” काका म्हणाले. “तेही खाली लिहिलंय.”

मला वाटलं, त्यांना आयर्लंड गेल्याचं दुःख झालंय. मी समजूत घालायला गेले. म्हटलं, काका, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच निघालात, नगरकडचे. यात वाईट काय आहे? शिवाय त्या दोघांनी एका उपाशी पोराला घर दिलं, नाव दिलं, ही तर चांगलीच गोष्ट आहे. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “मायकेल चांगलाच माणूस होता. तो प्रश्न नाही. प्रश्न डोरीनचा आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

भुसावळच्या रेल्वेच्या शाळेत डोरीन शिकवायला लागली तेव्हा तिथे सुधाकर सरोदे नावाचे गणिताचे मास्तर होते. साधा, हुशार, सायकलवरून येणारा माणूस. दोघांचं जमलं. वर्षभर कुणाला कळलं नाही. मग डोरीननं स्वतःच घरी सांगितलं. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. ते फक्त म्हणाले की आपण हॅनिगन आहोत, आपल्या घरात हे होणार नाही. आणि डोरीनला आठ दिवसांसाठी मावशीकडे पाठवून दिलं. मागे राहिलेल्या एकवीस वर्षांच्या डेन्झिलला त्यांनी सांगितलं, जा, त्या मास्तरला समजेल अशा भाषेत सांगून ये.

“मी गेलो,” काका म्हणाले. “तो शाळेच्या मागे सायकल पुसत होता. वडिलांना मराठी नीट यायचं नाही. मला यायचं. म्हणून मला पाठवलं.”

काय सांगितलंत, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची पिन काढायला घेतली.

डोरीन परत आली तोपर्यंत सरोदे मास्तर बदली घेऊन गेले होते. तिला घरात एवढंच कळलं की तो घाबरला आणि पळाला. तिनं ते खरं मानलं की नाही, काकांना माहीत नव्हतं. तिनं दुसऱ्या कुणाचं नाव पुन्हा काढलं नाही. पुण्याला शाळेत नोकरी घेतली आणि तिथेच राहिली.

“ती वडिलांना माफ करून मोकळी झाली,” काका म्हणाले. “म्हणायची, शेवटी रक्ताचा अभिमान असतो माणसाला. आता तिला काय सांगू?”

मी म्हटलं, नका सांगू. सत्तर वर्षांच्या बाईला आता हे कशाला? मला तेव्हा तेच शहाणपणाचं वाटलं. आजही मला खात्री नाही. ते म्हणाले, “एकदा तिच्या वतीनं मी ठरवलं होतं. पुन्हा नाही ठरवणार.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी मला येऊन बसायला सांगितलं. बहीण-भाऊ एरवी इंग्रजीत बोलत. त्या दिवशी ते मराठीत बोलणार होते. मी फक्त एवढंच करायचं होतं की ते इंग्रजीत घसरले तर हात वर करायचा. “इंग्रजीत मी सगळं गुळगुळीत करून टाकीन,” म्हणाले. “तोच माझा धंदा आहे.”

मलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला. डोरीनचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ठसठशीत, शाळेतल्या बाईंचा आवाज. अरे, मराठीत काय बोलतोस आज, म्हणून ती हसली. मग काकांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. आधी थॉमसची नोंद, मग शाळेच्या मागची सायकल. मी मास्तरांना जाऊन बोललो, ते पळाले नव्हते, मी त्यांना घालवलं. दोनदा मला हात वर करावा लागला. दोन्ही वेळा ते थांबले आणि पुन्हा मराठीत आले.

तिनं विचारलं, “मग थॉमस कुणाचा होता?”

“माहीत नाही. कुणाचाही असेल. एखाद्या सरोद्याचासुद्धा असेल.”

पलीकडे ताटल्या आवरल्याचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाला तरी औषध घेतलं का विचारत होतं. मग डोरीन म्हणाली, “मग मी आता काय करू, डेन्झिल?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. काकांनी फोन दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. तिकडून फोन बंद झाला.

पुढचे तीन रविवार तिनं फोन घेतला नाही. पहिल्याच मंगळवारी कागदांचे गठ्ठे गेले. ट्रक वळेपर्यंत ते खाली उभे होते, असं शेजारच्या आजींनी मला नंतर सांगितलं. चौथ्या आठवड्यात आश्रमाच्या मेट्रनच्या फोनवरून एका ओळीचा निरोप आला: सुधाकर आहे का बघ.

मेलेल्यांना शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिवंत माणूस कसा शोधायचा हे मात्र त्यांना कळेना. ते माझ्याकडे आले. मी आईला सांगितलं, आईनं जळगावच्या मामाला. त्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि दहा दिवसांत सरोदे मास्तरांचा नंबर हातात आला. ते जळगावात मुलाकडे राहत होते. बायको वारली होती. दोन नाती होत्या.

फोन मी करायचा ठरलं. काका म्हणाले, त्यांनी माझा आवाज ओळखला तर? जेवणाच्या सुट्टीत आम्ही छोट्या मीटिंग रूमचं दार लावून बसलो. मी माझं नाव सांगितलं, जपानातून बोलतेय म्हटलं, आणि क्रमानं सगळं सांगितलं. फोन तुटला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

“आहे मी,” ते म्हणाले. “डोरीन बरी आहे का?”

बरी आहेत, मी म्हटलं.

“त्या मुलानं मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही, बेटा. पण दोष सगळा त्याचा नाही. ते ऐकून त्याच आठवड्यात मी बदली मागितली. तिला एकदा विचारायलाही गेलो नाही. मी फार लवकर ऐकलं. तिला एवढं सांगशील?”

सांगते, मी म्हटलं. काका स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर ओणवे झाले होते. मास्तरांनी विचारलं, तू त्यांची कोण? मी म्हटलं, ऑफिसातली. मग त्यांनी नीट राहा म्हणून आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला. काकांनी खुर्ची मागे सारली. “आवाज तोच आहे,” एवढंच म्हणाले.

हा निरोप फोनवर द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं. दोन आठवड्यांची रजा काढून ते पुण्याला गेले. परत आल्यावर जे सांगितलं ते असं. आश्रमाच्या व्हरांड्यातल्या बाकावर डोरीननं मास्तरांचा निरोप ऐकून घेतला. मुलं किती, नाती कितवीत, हे विचारलं. मग म्हणाली, “तू त्याला काय म्हणालास? तेच शब्द सांग.”

ते टाळायला लागले. तिनं थांबून वाट पाहिली, वर्गात उत्तराची वाट बघावी तशी. शेवटी त्यांनी सांगितलं. तिनं म्हटलं, ऐकू आलं नाही. मग त्यांनी ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. मलाही त्यांनी ते परत आल्यावरच पहिल्यांदा सांगितलं. “तुमच्यासारखी माणसं आमच्या घरात मागच्या दारानं येतात.”

डोरीन उठून आत गेली. पुढचे दहा दिवस ते रोज जाऊन त्या बाकावर बसत आणि संध्याकाळी उठून येत. शेवटच्या दिवशी ती बाहेर आली. त्यांची कॉलर मुडपली होती, ती तिनं सारखी केली. म्हणाली, “पप्पांवर ओरडावंसं वाटतं, पण पप्पा नाहीत. तू जिवंत आहेस, म्हणून तुझ्यावर राग. माझा इलाज नाही, डेन्झिल. आता फोन करू नकोस.”

त्यांनी केला नाही. तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला ते ऑफिसात आले, दिवसभर एका प्रिंटरच्या मॅन्युअलवर बसले, आणि घरी जाताना मला म्हणाले की पान चौदावर एक चूक राहिली असावी, पण सापडत नाही.

पाच महिन्यांनी मेट्रनचा फोन आला. डोरीन सकाळी उठलीच नाही. काकांना विमान मिळून पोचेपर्यंत दफन होऊन जाणार होतं. थांबवणं शक्य नव्हतं. तरी ते निघाले. मी त्यांना हानेदा विमानतळावर सोडायला गेले. ट्रेनमध्ये ते सबंध वेळ एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. थडग्यावरच्या दगडासाठी चर्चनं पूर्ण नाव मागितलं होतं. ते म्हणाले, “हॅनिगन लिहू? त्या नावानं तिचं काय केलं, माहीत आहे ना तुला? आणि नको म्हटलं तर दुसरं कुठलं लिहू? आहे कुठलं?” इथल्या ट्रेनमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही, तेही हळूच बोलत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

ते परत आले नाहीत. ऑफिसला मेलनं राजीनामा पाठवला आणि खडकीत एक खोली घेतली. रोज आश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना मराठी आणि इंग्रजी पेपर वाचून दाखवत, असं मेट्रननं नंतर मला लिहिलं. मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. डोरीनच्या दगडावर त्यांनी नुसतं ‘डोरीन’ कोरून घेतलं होतं. शेजारचा दगड त्यांचा. तो चर्चनं बसवला, आणि रजिस्टरमध्ये जे होतं ते त्यावर आहे. डेन्झिल हॅनिगन.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हानेदाला, काचेपलीकडे. तपासणीच्या रांगेत त्यांना बूट आणि पट्टा काढायला लावला. त्या काही महिन्यांत ते इतके वाळले होते की पट्टा काढल्यावर पॅंट खाली घसरायला लागली. एका हातानं ती धरून दुसऱ्या हातानं ते ट्रे ओढू बघत होते, आणि तो रोलरवर अडकत होता. मागे रांग खोळंबली होती. तपासणीवरची एक तरुण मुलगी पुढे आली, ट्रे सरकवला, खाली वाकली आणि त्यांचे बूट उचलून त्यांच्या पायांशी नीट जोडून ठेवले. त्यांनी पॅंट धरलेल्या हातासकट तिला कमरेतून वाकून नमस्कार केला. ती दुसऱ्या प्रवाशाकडे वळली तरी ते वाकलेलेच होते.